पंचवीस मीटरवरची प्रार्थना

नमस्कार श्रोतेहो.

वसईतल्या आमच्या गावात संध्याकाळची घंटा झाली की आजोबा रेडिओ घेऊन ओटीवर बसत. पंचवीस मीटर बँडवर काटा केसभर इकडे, केसभर तिकडे. शिट्टी, खरखर, मध्येच एखादं चिनी गाणं, आणि मग एकदम हिंदीतून प्रार्थना. आजी आतून विचारायची, "लागलं का मनिला?" जणू विरारच्या पुढचं स्टेशन.

हे मनिला म्हणजे फिलिपिन्समधलं रेडिओ व्हेरितास एशिया. १९५८ साली आग्नेय आशियातले बिशप मनिलात जमले आणि साऱ्या खंडासाठी कॅथलिक रेडिओ काढायचं त्यांनी ठरवलं. प्रक्षेपण सुरू व्हायला १९६९ उजाडलं. शॉर्टवेव्हच्या लहरी वर आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या उंचावरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत खाली येतात, म्हणून तो आवाज समुद्र ओलांडून आमच्या ओटीवर उतरायचा. हिंदी, तमिळ, तेलुगू, बंगाली, सगळ्या भाषा होत्या. मराठी नव्हती.

व्हॅटिकन रेडिओचंही तेच. तो तर खुद्द मार्कोनीने उभारलेला. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी पोप अकरावे पायस त्यावरून लॅटिनमध्ये बोलले. पुढे त्यावर हिंदी, तमिळ, मल्याळम आल्या. आजोबा चिडायचे. म्हणायचे, "इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सना मराठी सुचली, यांना का सुचू नये?" त्यांचा रोख स्टीफन्सनी लिहिलेल्या ख्रिस्तपुराणाकडे असे. १६१६ साली गोव्यात राशोलला छापलेलं हे पुराण दहा हजारांहून जास्त ओव्यांचं, चर्चमध्ये मोठ्याने वाचायचं. छापील असलं तरी कानांसाठीच लिहिलेलं.

मग आपलंच एखादं स्टेशन का नाही, असं कुणीही विचारेल. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. त्यानंतर खासगी एफएम आलं, पण धार्मिक संस्थांना त्याचा परवाना मिळत नाही. कम्युनिटी रेडिओ, म्हणजे आसपासच्या लोकांपुरतं छोटं स्टेशन, आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून सेवाभावी संस्थांनाही खुला झाला. खाली मंगळुरात जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंच्या सेंट अलॉयशियस कॉलेजचं रेडिओ सारंग आहे, १०७.८ वर, पण ते सगळ्या गावाचं, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकवण्यासाठी काढलेलं नव्हे. मला स्वतःला धार्मिक संस्थांना परवाना न देण्याचा हा नियम पटतो. नाहीतर ज्याचा ट्रान्समीटर मोठा, त्याचाच देव गावभर घुमला असता. आजोबांना हे पटलं नसतं, ते सोडा.

२०१८ च्या जूनअखेर व्हेरितासने शॉर्टवेव्ह बंद केलं आणि सगळा कारभार इंटरनेटवर नेला. आजोबा तेव्हा नव्हते. रेडिओ होता, मी काटा फिरवून पाहिला. नुसती खरखर.

पुढे टाळेबंदीत चर्चला कुलूप लागलं आणि फादर मोबाइलवरून मिस्सा दाखवू लागले. थेट, आणि चक्क मराठीत. आजी खिडकीपाशी फोन धरून बसायची. चर्च आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. खिडकीतून खरी घंटा ऐकू यायची, आजी क्रूसाची खूण करायची, आणि तीच घंटा अर्ध्या मिनिटाने फोनमध्ये वाजायची. दरवेळी ती माझ्याकडे वळून म्हणायची, "मनिला तरी वेळेवर यायचं."