एका गॅस्केटचे एकोणीस दिवस

(बडोद्यातल्या लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. ३१ जुलै २०१९ची रात्र कुठे आणि कशी काढली, हे इथे बसलेला प्रत्येक जण सांगू शकेल. एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस झाला, विश्वामित्री नदी पात्र सोडून वस्तीत शिरली, विमानतळ बंद पडला, रेल्वेगाड्या रद्द झाल्या. मी तेव्हा ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळत होतो. आमच्या आवारात पाणी घोट्याच्या वर चढलं नाही आणि एकही मशीन बिघडलं नाही. तरीही तयार ट्रान्सफॉर्मर एकोणीस दिवस जागचे हलले नाहीत, कारण वरच्या झाकणाखाली बसणारं गॅस्केट आमच्याकडे नव्हतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. रबर आणि बूच यांच्या शीटमधून हे गॅस्केट कापतात. ते आतलं तेल बाहेर येऊ देत नाही आणि बाहेरची दमट हवा आत जाऊ देत नाही. ओलावा आत गेला की वाइंडिंगवरचा, म्हणजे तारांच्या वेटोळ्यांवरचा, कागद तो शोषून घेतो आणि इन्सुलेशनची ताकद कमी होते. म्हणून गॅस्केटशिवाय माल पाठवणं शक्यच नव्हतं. ट्रान्सफॉर्मरच्या किमतीपुढे त्याची किंमत म्हणाल, तर हिशेबात धरण्याइतकीही नाही.

महिनाअखेरीला मी अहवाल लिहिला. कारण: अतिवृष्टी. उपाय: बाब नियंत्रणाबाहेर. खाली माझी सही. आमच्या क्वालिटीतली एक तरुण इंजिनियर तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, पाऊस का पडला ते हवामान खातं सांगेल. पण पावसाने आपला माल का अडला, हे यात कुठे लिहिलंय?" त्या प्रश्नाने मला जे शिकवलं, ते सांगायला मी आज उभा आहे.

'रूट कॉज ॲनालिसिस', म्हणजे मूळ कारणाचा शोध, हा शब्द तुम्हाला नवा नाही. कोणी फिशबोन काढतं, म्हणजे जपानी गुणवत्तातज्ज्ञ इशिकावांची ती माशाच्या काट्यासारखी कारणांची आकृती. कोणी पाच वेळा 'का' विचारतं. ही 'पाच का'ची रीत टोयोटातून जगभर गेली आणि तिचं श्रेय साकिची टोयोडांना देतात. ते मुळात मागांचे कारागीर. धागा तुटला की आपोआप थांबणारा माग त्यांनी बनवला. थांबला म्हणजे काहीतरी बिघडलंय, मग तिथेच बघा. रीत सोपी आहे, पण आपण ती अर्ध्यावर सोडतो. चूक कशी सुधारली आणि पुन्हा कशी टाळणार हे सांगणाऱ्या कितीतरी कॅपा रिपोर्टांत शेवटची ओळ 'ऑपरेटरला समज दिली' अशी असते. निसर्गाला किंवा एखाद्या माणसाला दोष दिला की आपला शोध संपतो.

आम्ही एका प्रश्नाचे तीन केले. माल का अडला? अडणार आहे हे आधी का कळलं नाही? आणि सुटायला इतके दिवस का लागले? पुरवठ्याच्या बाबतीत हे तीन वेगळे विचारावे लागतात, कारण तिन्हींची मुळं वेगवेगळ्या ठिकाणी निघतात.

पहिला प्रश्न. गॅस्केट का आलं नाही? ते पुरवणाऱ्या व्हेंडरच्या शेडमध्ये कमरेएवढं पाणी होतं. पाण्याने नेमकं काय बिघडलं? डाय. या डाय म्हणजे शीट कापायचे साचे, प्लायवुडच्या फळीत बसवलेल्या पोलादी पात्या. फळी पाण्यात फुगली की माप गेलंच, शिवाय पात्यांना गंज. त्या पाण्यात का सापडल्या? जमिनीलगतच्या मांडणीत ठेवल्या होत्या म्हणून. बरं, दुसरा सेट का नव्हता? कारण दोन वर्षांपूर्वी आम्ही दोन व्हेंडरांचा एक केला होता. तेवढ्यावर दरात थोडी सूट मिळाली होती. तो निर्णय माझा होता आणि त्या कागदावरही माझीच सही होती.

इथे एक परीक्षा सांगतो. वरून खाली येताना 'का' म्हणा आणि खालून वर जाताना 'म्हणून' म्हणा. एकच व्हेंडर ठेवला म्हणून डायचा एकच सेट राहिला, एकच सेट होता म्हणून तो भिजल्यावर काम थांबलं. वाक्य अडखळलं तर तुमची साखळी खोटी आहे. आणि एखाद्या पायरीवर दोन उत्तरं निघाली, तर दोन्हींच्या मागे जा. सोयीचं धरून गैरसोयीचं सोडू नका.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या स्टोअर्समध्येच होतं. आपण सगळे एबीसी पद्धतीने माल लावतो: महागाचा 'ए', स्वस्ताचा 'सी'. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचं सीआरजीओ पोलाद बहुतांशी परदेशातून येतं आणि महाग असतं, म्हणून त्याच्यावर दर आठवड्याला बैठक. गॅस्केट 'सी'मध्ये, त्याच्याकडे कोणी बघत नसे. आमचं लक्ष किमतीच्या मागे जात होतं. अडवणुकीची ताकद किमतीवर ठरत नाही, हे तीस वर्षं नोकरी करूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिसऱ्या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त हलवलं. पाणी चार दिवसांत ओसरलं होतं. मग उरलेले पंधरा दिवस कुठे गेले? आमच्या ड्रॉइंगवरून नव्या डाय बनवल्या, तर बोल्टची भोकं जुळेनात. वर्षानुवर्षं फिटरच्या तक्रारी ऐकून व्हेंडरने डायमध्ये बारीक दुरुस्त्या केल्या होत्या आणि आमच्या ड्रॉइंगवर त्यांतली एकही चढली नव्हती. खरं ड्रॉइंग म्हणजे ती फुगलेली फळीच होती.

मग मी त्या व्हेंडरच्या शेडवर गेलो. भिंतीवर पाण्याची रेघ अजून ओली होती. विचारलं, "भाई, डाय खाली का ठेवल्या? माळा का नाही केला?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, तमे क्यारेय पूछ्युं ज नथी." मी कधी विचारलंच नव्हतं, हे खरं होतं. माळ्यासाठी लोखंडाचं कोटेशन त्यांनी दोनदा काढून ठेवलं होतं. पैसे नव्हते, कारण आमची बिलं चार-चार महिन्यांनी चुकती होत. कायदा काय सांगतो? २००६चा सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायदा म्हणतो की लहान पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्या. म्हणजे 'का' विचारत विचारत मी विश्वामित्रीच्या काठावरून निघालो आणि आमच्याच अकाउंट्स विभागाच्या दारात येऊन पोचलो.

आपल्या भिंतीच्या आत तुम्ही हवे तितके 'का' विचारू शकता. पुरवठ्याच्या साखळीत मात्र तिसरा-चौथा 'का' दुसऱ्याच्या घरात असतो, आणि तिथे चौकशी अधिकाऱ्यासारखं जाऊन चालत नाही. ज्याला आपण दरात पिळलं, ज्याचे पैसे अडकवले, तो खरं कारण सांगणार नाही. तो 'सब बराबर छे' म्हणेल आणि चहा पाजून परत पाठवेल. म्हणून वेळेवर दिलेलं बिल हे माझ्या मते मूळ कारण शोधण्याचं सगळ्यात चांगलं साधन आहे. काही खरेदी अधिकाऱ्यांना हे पटत नाही. मी त्यांच्याशी वाद घालतो आणि पुढेही घालीन.

यावर जपानमधली एक हकीकत आहे. १ फेब्रुवारी १९९७च्या पहाटे आयसिन कंपनीच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनत होता आणि साठा काही तासांचा. टोयोटाचे कारखाने बंद पडले. पण ड्रॉइंगं वाटली गेली आणि अनेक पुरवठादारांनी मिळेल त्या मशीनवर व्हॉल्व्ह बनवायला घेतले. शिलाई मशीनवाली ब्रदर कंपनीसुद्धा त्यांत होती. आठवडाभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. एकाच जागी सगळं ठेवणं ही चूक खरीच. पण ती निस्तरली ती आधी जपलेल्या संबंधांमुळे, आणि ड्रॉइंग हाताशी होतं म्हणून. आमचे पंधरा दिवस आठवा.

आता आमची पुढची चूक. धडा शिकून आम्ही दुसरा व्हेंडर नेमला. गाव वेगळं, रस्ता वेगळा, आम्ही निश्चिंत. क्वालिटीतल्या त्याच इंजिनियर मुलीने विचारलं, "सर, हे दोघं शीट कुठून घेतात?" चौकशी केली, तर शीट बनवणारा एकच! वर दोन फांद्या, खाली खोड एक. आणखी खाली जावं तर बूच कुठून येतं? जगातलं जवळपास निम्मं बूच पोर्तुगालमध्ये होतं. ओक झाडाची ती साल, एकदा काढली की नऊ वर्षांनी पुन्हा काढतात. इथल्या मकरपुऱ्यातल्या आमच्या ट्रान्सफॉर्मरचं झाकण त्या सालीवर अवलंबून आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

हेच टोयोटाला ११ मार्च २०११च्या भूकंपानंतर कळलं. साखळी खाली रुंद होत जाते असा समज होता, पण कितीतरी ठिकाणी ती खाली जाऊन पुन्हा अरुंद झालेली निघाली. वेगवेगळे पुरवठादार शेवटी एकाच कारखान्याची चिप वापरत होते, आणि रेनेसास कंपनीचा नाका इथला तो कारखाना भूकंपाने बंद पडला होता. त्यानंतर त्यांनी खालच्या थरांपर्यंत कोण काय कुठे बनवतं याची नोंद केली आणि चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला पुरवठादारांना सांगितलं. २०२१मध्ये चिपची टंचाई आली, तेव्हा सुरुवातीचे महिने इतरांच्या मानाने ते बरेच सावरलेले होते.

रस्त्यांबद्दल थोडं बोलतो. ९ जुलै २०२५ला आपल्या पादरा तालुक्यातला गंभीरा पूल पडला. माणसं गेली. त्या घरांच्या दुःखाशेजारी मालाची गोष्ट काढायला जीभ जड होते. पण आणंदच्या बाजूने पादऱ्याच्या कारखान्यांत येणाऱ्या कामगारांचा तो रोजचा रस्ता होता. आपल्या जोखमीच्या यादीत व्हेंडरांची नावं असतात, कामगार आणि ट्रक कुठल्या पुलावरून येतात हे नसतं. ते लिहा.

आणि सुरुवात मोठ्या सॉफ्टवेअरने करू नका. तुमच्या 'सी' यादीतल्या दहा अशा वस्तू काढा की ज्यांच्यावाचून डिस्पॅच थांबेल. प्रत्येकीच्या व्हेंडरकडे स्वतः जा, त्याचा कच्चा माल कुठून येतो ते विचारा, डाय-पॅटर्न कुठल्या उंचीवर ठेवलेत ते बघा, आणि तुमचं ड्रॉइंग त्याच्या डायशी जुळवून घ्या. जाण्याआधी त्याचं थकलेलं बिल चुकतं करून जा.

आम्ही तेच केलं. माळ्याचा निम्मा खर्च कंपनीने आगाऊ दिला, डायचा दुसरा सेट आमच्या स्टोअर्समध्ये आला आणि ड्रॉइंगवर नवी मापं चढली. ऑगस्ट २०२४च्या अखेरीला विश्वामित्री पुन्हा चढायला लागली. मी तोवर निवृत्त झालो होतो. रात्री फोन वाजला. पलीकडे भाई होते. "साहेब, डाय काल रातनाच वर चढवल्या. शीटपण वर आहे. तुमच्या घरी पाणी तो नथी आव्युं ने?"