कोंबडा, मासा आणि झुरळ

झुरळाचं नाव काढल्याबरोबर पहिल्या रांगेतल्या दोघातिघांनी पाय वर घेतले, ते मी पाहिलं. घ्या, हरकत नाही. आज आपलं काम त्याच्या इंग्रजी नावाशी आहे.

‘कॉक्रोच’ हा शब्द आता आपल्याही घरात रुळलाय. त्याची फोड करा बरं. ‘कॉक’ म्हणजे कोंबडा. ‘रोच’ हा तिकडचा गोड्या पाण्यातला मासा, आपल्या रोहूच्या कुळातला. कोंबडा अधिक मासा बरोबर झुरळ! खानावळीच्या फळ्यावर शोभेल असा हिशेब.

मूळ शब्द स्पॅनिश आहे, ‘कुकाराचा’. ‘कुका’ ही एक अळी आणि तिला जोडलेली तुच्छतेची शेपटी, आपण कुत्र्याचं ‘कुत्रडं’ करतो तशी. इंग्रजीत तो आला कॅप्टन जॉन स्मिथ या इंग्रज दर्यावर्द्याच्या हातून. हा तोच, पोकाहोंटसच्या गोष्टीतला. १६२४ सालच्या स्वतःच्या इतिहासग्रंथात बर्म्युडाबद्दल लिहिताना तो म्हणतो, इथे एक ‘इंडिया बग’ आहे, स्पॅनिश लोक त्याला ‘काकारूच’ म्हणतात. तो पेट्यांत शिरून सामान खातो आणि घाणेरड्या वासाच्या लेंड्या टाकून ठेवतो. (‘इंडिया’ ऐकून लगेच अंगावर घेऊ नका, तेव्हा वेस्ट इंडीजही ‘इंडिया’तच मोडत.)

आता ‘काकारूच’ मोठ्यानं म्हणून पाहा. इंग्रजी कानाला त्यात ओळखीचं काहीच नाही. मग जिभेनं जवळचे दोन शब्द शोधले आणि तिथे ठोकून बसवले. अर्थ जुळतो का, हे कोणी विचारलं नाही. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात, आणि आपण त्यात मागे नाही. पीठ पायानं तुडवतात म्हणून ‘पाव’, हे मला लहानपणी इतकं छातीठोकपणे सांगितलं गेलं होतं की वर्षभर मी पाव खाल्ला नाही. तो बिचारा पोर्तुगीज शब्द, अर्थ नुसता ‘ब्रेड’.

पण एकदा ‘कॉक’ बसवला की त्याचे भोगही आले. इंग्रजीत त्या शब्दाला एक चावट अर्थ आहे. एकोणिसाव्या शतकातल्या सोवळ्या अमेरिकनांनी कोंबड्याला ‘रूस्टर’ केलं आणि झुरळाचा पुढचा भाग छाटून ‘रोच’ ठेवला, असं सांगतात. म्हणजे जो ‘कॉक’ मुळात नव्हताच, त्याचीच लाज वाटली!

झुरळ आपलं आहे असं मात्र कोणी म्हणत नाही. स्वयंपाकघरातल्या त्या लहान, तपकिरी झुरळाला सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसनं १७६७ साली नाव दिलं ‘जर्मॅनिका’. रशियन त्याला ‘प्रुसाक’ म्हणतात, म्हणजे प्रशिया या जुन्या जर्मन राज्यातला. जर्मन लोक उलट रशियाकडे बोट दाखवत. न्यूयॉर्कात १८४२ साली क्रोटन नदीचं पाणी नळानं आलं, पाइपांच्या आधारानं झुरळंही पसरली, तर तिथे ते ‘क्रोटन बग’.

२०२४ साली शास्त्रज्ञांनी या ‘जर्मन’ झुरळाचे जनुक तपासले. निष्कर्ष असा, की सुमारे २१०० वर्षांपूर्वी ते एका आशियाई झुरळापासून वेगळं झालं, भारतात किंवा म्यानमारमध्ये. स्मिथचं झुरळ बहुधा दुसऱ्या जातीचं, आणि त्याची ‘इंडिया’ही दुसरी. पण ‘इंडिया बग’ हे नाव वाया गेलं नाही, एवढंच.