निसान ते अदार: ज्यू महिन्यांना बॅबिलोनहून आलेली नावे

आपण पाहत आहात तो चुनखडीच्या दगडाचा तुकडा तळहातावर मावेल एवढाच, जेमतेम 11 सेंटिमीटर उंचीचा आहे. जेरुसलेमच्या पश्चिमेकडील गेझेर येथे 1908 मध्ये पुरातत्त्वज्ञ मॅकॅलिस्टर यांच्या उत्खननात तो सापडला आणि आज मूळ तुकडा इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्यावर इसवी सनापूर्वी दहाव्या शतकात कोरलेल्या 7 ओळींत महिन्यांना नावे नाहीत, कामे आहेत: दोन महिने साठवणीचे, दोन पेरणीचे, दोन उशिराच्या पेरणीचे, एक जवस काढण्याचा, एक सातूच्या कापणीचा.

शेतात जे उभे असेल, त्यावरून महिना ओळखण्याची हीच रीत बायबलमधील ‘अवीव’ या जुन्या नावात टिकून आहे, कारण अवीव म्हणजे सातूची कोवळी कणसे. अवीव, झिव, एथानीम आणि बूल ही चारच जुनी नावे आज आपल्या हाती आहेत. शलमोन राजाच्या जेरुसलेममधील मंदिराचा पाया झिव महिन्यात घातला गेला, असे सांगणाऱ्या ग्रंथालाच पुढे ‘झिव म्हणजे दुसरा महिना’ असा खुलासा करावा लागला आहे.

इ. स. पू. 586 च्या सुमारास जेरुसलेम पडले आणि तिथल्या ज्यू लोकांना बॅबिलोनला नेण्यात आले.

बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरील निसान्नू या महिन्याचा निसान झाला, उलूलूचा एलुल झाला, अद्दारूचा अदार झाला. ‘वरखु सम्नु’ म्हणजे सरळ ‘आठवा महिना’. त्यातील ‘व’ आणि ‘म’ यांची अदलाबदल होऊन मारखेश्वान तयार झाला. पुढे मूळ अर्थ विसरला गेला आणि या महिन्यात सण नाही म्हणून तो ‘मार’, म्हणजे कडू, असे सांगितले जाऊ लागले. तम्मूज तर दुमुझी या मेसोपोटेमियन देवाचेच नाव आहे. मंदिराच्या उत्तर दारात त्याच्यासाठी रडणाऱ्या स्त्रिया पाहून यहेज्केल संदेष्ट्याने संताप व्यक्त केला होता, तरीही एकाच देवाला मानणाऱ्यांच्या पंचांगात तो आजही आहे. ‘महिन्यांची नावे त्यांच्याबरोबर बॅबिलोनहून आली’ हे जेरुसलेमी तालमुद या ज्यू धर्मग्रंथाने कोणताही आडपडदा न ठेवता नोंदवले आहे, आणि ही कबुली आम्हांला फार मोलाची वाटते.

यांपैकीच एक आव, मूळचा बॅबिलोनी ‘अबू’. या महिन्याच्या 9 तारखेला मंदिराच्या विध्वंसाचा उपवास असतो. कोकणातील बेने इस्राएल ज्यू मराठीत त्याला वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत आले आहेत.