नाणी तोलणारा गणितवाला: दामोदर कोसंबी

वेडंवाकडं कापलेलं, ठसे ठोकलेलं चांदीचं नाणं, म्हणजे आहत नाणं. दोन हजार वर्षांहून जुनं. राजाचं नाव नाही, साल नाही, नुसते ठोकलेले ठसे. बाकीचे अभ्यासक या चिन्हांचा अर्थ लावत बसलेले आणि पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवणारा एक प्राध्यापक मात्र तराजू घेऊन बसला.

दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७, गोव्यातला, शिक्षण हार्वर्डचं. त्यांना खरं तर संख्याशास्त्र पक्कं करायचं होतं, त्यासाठी खराखुरा डेटा हवा म्हणून नाणी. लॉजिक एकदम बाजारातलं, नाणं हातोहात फिरलं की झिजतं. मग आधी आपल्याच काळातली चालू नाणी हजारोंनी तोलली, वर्षागणिक सरासरी वजन कसं उतरतं, आणि एकाच सालच्या नाण्यांतला फरक कसा वाढत जातो ते बघितलं, आणि तोच हिशोब तक्षशिलेला सापडलेल्या नाण्यांना लावला. तिथं दिसलं की मागच्या बाजूला बारीक ठसे जितके जास्त तितकं नाणं हलकं, म्हणजे हे ठसे चलनात असताना वेळोवेळी तपासून मारलेले असणार. आता आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं, हे लावता यायला लागलं, तेही एक अक्षर न वाचता!

पण मग ही नाणी पाडली कोणी? त्यासाठी जुने ग्रंथ, म्हणजे संस्कृत. तिथंही वरवर नाही, भर्तृहरीच्या शतकांची, म्हणजे शंभरेक श्लोकांच्या संग्रहांची, शेकडो हस्तलिखितं ताडून मूळ पाठ ठरवणारी चिकित्सक आवृत्ती १९४८ ला काढली. आपल्याकडे चार विषयांवर बोलता आलं की माणूस विद्वान ठरतो, यांचं तसं नव्हतं, एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवताना पुढचा विषय वाटेत यायचा आणि आला की तळापर्यंत जायचं. मधेच १९४४ ला जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र दिलं, ते 'कोसंबी मॅप फंक्शन' पिकांचे जनुकीय नकाशे काढणारे आजही वापरतात.

सगळीकडे जमलं असंही नाही. रीमान हायपोथेसिस, म्हणजे गणितातलं अजूनही न सुटलेलं एक कोडं, सिद्ध केल्याचा दावा केला, तो टिकला नाही, गणितवाल्यांत नाव खराब झालं, आणि १९६२ ला मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमधलं (TIFR, फर्ग्युसननंतर ते तिथं होते) कॉन्ट्रॅक्ट पुढं वाढलं नाही.

त्याच साली त्यांचं 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हे पुस्तक आलं. म्हसोबा, बोल्हाई अशा दैवतांची ठाणी पायी फिरून बघितलेली, आसपास अश्मयुगातल्या माणसांची दगडाची बारकी पाती वेचलेली, आणि मग हे सगळं कार्ले-जुन्नरच्या लेण्यांशी आणि घाटातून जाणाऱ्या व्यापारी वाटांशी जोडलेलं. त्यातले काही निष्कर्ष आज इतिहासकारांना पटत नाहीत, पण हे देव कुठल्या वाटेवर बसलेत हे जाऊन बघायला पाहिजे, ही सवय बऱ्याच जणांना त्यांच्यामुळेच लागली.