कॅम्पसला फर्म आलीच नाही, मग पुढं काय?

हे बेळगावच्या टिळकवाडीतलं राजा लखमगौडा लॉ कॉलेज. १९३९ पासून इथनं वकील बाहेर पडतायत, खानापूर म्हणा, निपाणी म्हणा, चिकोडी म्हणा, कुठल्याही कोर्टात गेलात तर इथला कोणतरी भेटणारच. पण सिरिल अमरचंद, खेतान, एझेडबी, ट्रायलीगल ही मोठ्या लॉ फर्मची नावं इथल्या पोरांच्या कानावर पडतात ती बहुतेक लिंक्डइनवर, आणि तोवर चौथं वर्ष अर्धं सरलेलं असतंय.

तिकडं बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलला या फर्म स्वतःहून येतात, पोरं चौथ्या वर्षाला असतानाच, काहींना तर इंटर्नशिप करता करताच ऑफर. आपल्याकडं इंटर्नशिप म्हणजे काय, तर बार कौन्सिलच्या नियमात पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे सांगितलेत म्हणून सिनिअरच्या मागनं तारखा घेत हिंडायचं आणि शेवटी सर्टिफिकेट. मग घरचे म्हणतात, सोड की बाबा ते फर्मचं, गप कोर्टात बस.

कोर्टात बसावं की, त्यात वाईट काय नाही. पण दार कायमचं लागलं, हे काय खरं नाही.

फर्म कॅम्पसवरनं ढिगानं पोरं घेतात, आणि दोन-तीन वर्षांत त्यातली बरीच निघून जातात, कोण कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटला, कोण परदेशी एलएलएमला, कोण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून वैतागून. काम काय थांबत नाही, मग वर्षाच्या मधेच माणूस लागतोय. ह्याला लॅटरल हायरिंग म्हणतात. कॉलेजचं नाव तिथं पण बघतात, खोटं कशाला बोलायचं, पण सोमवारपासनं कुठली फाईल सांभाळशील हे त्याहून जास्त बघतात. आणि दिवाळखोरीचा कायदा २०१६ चा, डेटा प्रोटेक्शनचा २०२३ चा, म्हणजे ह्यात वीस वर्षांचा अनुभव मोठ्या पार्टनरकडं पण नाही.

आता बेळगावची आपली स्वतःची एक वाट बघा. सौंदत्तीच्या माळावर पवनचक्क्या उभ्या करायच्या असोत नाहीतर उद्यमबागेतल्या फाउंड्रीला कर्ज द्यायचं असो, जागेचं टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासावं लागतंय, आणि मुंबई-बेंगळुरूची फर्म हे काम बऱ्याचदा इथल्या वकिलाकडं पाठवते. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात, त्यामुळं जुने कागद मराठीत, काही तर मोडीत, आणि नंतरचे कन्नडमध्ये. उतारे काढायचे, फेरफार जुळवायचे, सब रजिस्ट्रारकडनं ईसी, म्हणजे जागेवर बोजा आहे का नाही त्याचा दाखला, घ्यायची आणि रिपोर्ट द्यायचा इंग्लिशमध्ये. तो रिपोर्ट फर्ममधला असोसिएट, म्हणजे तिथला नोकरीतला वकील, वाचतोय! नीट लिहिला असेल तर दुसरी फाईल येते, तिसरी येते, आणि त्यांच्याकडं जागा निघाली की तुमचा सीव्ही आत नेणारा माणूस तोच असू शकतो. शंभर जणांना कोरडे ईमेल टाकण्यापेक्षा मला हे बरं वाटतंय. हां, ह्या वाटेनं रियल इस्टेट किंवा प्रोजेक्ट्सच्या टीमला जाता येईल, एकदम एम अँड ए मध्ये, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी-विलीनीकरणाच्या कामात, उडी मारणं अवघडच.

निकाल लागला की सनद लगेच काढा, कारण फर्मवाले अनुभवाची वर्षं तिथनं मोजतात. केलेल्या कामाची यादी ठेवा, कुठल्या प्रकारची जागा, कागदात काय अडचण निघाली, ती कशी सोडवली. फक्त क्लायंटचं नाव आणि सर्व्हे नंबर खोडल्याशिवाय सॅम्पल रिपोर्ट कुणालाही पाठवू नका, तसा पाठवला तर पुढचं कोण वाचत पण नाही.