दर दोन वर्षांनी दारावर थाप

(दृश्य: अरुंद गल्ली, दारापुढे ओळीनं मांडलेले हंडे)

मुंबईतली झोपडपट्टी, पाणी यायची वेळ. आरोग्यसेविका दारात उभी राहते, वही उघडते.

"मावशी, मधल्या काळात काही दुखणं? गाठ, ऑपरेशन?"

"काही नाही गं. पुन्हा पुन्हा कशाला येतेस?"

मावशींचं चुकत नाही. पण सेविका येते ती एका प्रयोगासाठी: हातानं स्तन तपासून कर्करोगाचे मृत्यू कमी होतात का? याचं उत्तर मिळायला वीस वर्षं लागली.

मे १९९८. टाटा मेमोरियल रुग्णालयानं ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका या प्रयोगात घेतल्या, वस्त्यांचे २० गट पाडून. एका बाजूच्या वस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या, तालीम घेतलेल्या सेविका दर दोन वर्षांनी स्तन तपासत. मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) नाही, नुसत्या हातानं. दुसऱ्या बाजूला एकदा कर्करोगाची माहिती दिली, तपासणी नाही. चार फेऱ्यांनंतर पहिल्या बाजूचीही तपासणी थांबली.

थाप मात्र थांबली नाही.

हाच पाठपुरावा. बाहेरून पाहिलं तर नुसती विचारपूस. पण ज्यांना कधी तपासलंच नाही, त्यांच्या दारीही तितक्याच वेळा जावं लागतं. एकीकडेच चौकशी जास्त झाली, तर तिकडचेच आजार वहीत जास्त चढतात. त्यात मुंबईत खोल्या बदलतात, चाळी पडतात, माणसं गावी जातात.

आणि इतकी वर्षं का? समजा, एकीची गाठ २००५ साली सापडली, दुसरीची २००८ साली, आणि दोघीही २०१० मध्ये गेल्या. कागदावर पहिली तीन वर्षं जास्त जगली. प्रत्यक्षात? तिला आजार आधी कळला, एवढंच. म्हणून शेवटी मोजायचे ते मृत्यू, आणि मृत्यू मोजायला घाई चालत नाही.

(दृश्य: व्हिनेगरची बाटली, कापसाचा बोळा)

याच प्रयोगात व्हिनेगर लावून गर्भाशयाचं तोंडही तपासलं जाई. त्याचा निकाल आधी लागला: १२ वर्षांत तिथल्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. मग तपासणीविना ठेवलेल्या बायकांचं काय, असं टीकाकारांनी विचारलं. तो प्रश्न झटकून टाकण्यासारखा नव्हता.

स्तनांच्या तपासणीचा निकाल २०२१ साली आला. सगळ्या वयांत मिळून स्तनांच्या कर्करोगाचे मृत्यू १५ टक्क्यांनी कमी, पण एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो. वयाप्रमाणे आकडे वेगळे केले, तेव्हा पन्नास आणि त्यापुढच्या बायकांत घट जवळपास ३० टक्के निघाली. पन्नाशीच्या आतल्यांत म्हणण्यासारखी घट दिसली नाही.

(दृश्य: वही मिटते. नळाला पाणी येतं.)