केलॉईडची इंजेक्शने मध्येच सोडू नका

नमस्कार. "डॉक्टर, केलॉईड सरळ कापून का टाकत नाहीत?" हा प्रश्न इतक्या वेळा आला आहे की आज त्यावरच बोलते.

ओळख थोडक्यात उरकते. जाड झालेला व्रण मूळ जखमेच्या हद्दीत राहिला तर तो हायपरट्रॉफिक व्रण आणि हद्द ओलांडून चांगल्या त्वचेवर पसरला तर केलॉईड. कापणे म्हणजे त्याच त्वचेला नवी जखम करणे. नुसते कापून सोडलेली ४५ ते १०० टक्के केलॉईड परत येतात, असे निरनिराळ्या अभ्यासांत आढळले आहे.

म्हणून सुरुवात बहुधा ट्रायमसिनोलोन या स्टिरॉईडच्या इंजेक्शनाने होते. ते साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने थेट गाठीत द्यावे लागते, कारण खालच्या चरबीत गेले तर तेथे खड्डा पडतो. पहिल्या खेपेस गाठ इतकी कडक असते की सुई टोचून घेणाऱ्याला तर दुखतेच, पण सिरिंज दाबणाऱ्याचा अंगठाही दुखतो.

आता माझी जुनी तक्रार. दोन इंजेक्शनांनी खाज थांबते आणि रुग्ण येणे बंद करतो. खाज थांबली म्हणजे गाठ बसली असे नव्हे. माझ्या दंडावर बीसीजीच्या जागी केलॉईड होते; मीही, डॉक्टर असून, दोन इंजेक्शनांनंतर टाळाटाळ केली आणि काही महिन्यांत ते पुन्हा टणक झाले. "तीन झाली, आता पुरे ना?" असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर हेच, की इंजेक्शने मोजू नका, गाठ सपाट आणि मऊ झाली का, हे डॉक्टरांना बोटाने चाचपून ठरवू द्या. अतिरेकाने त्वचा पातळ आणि पांढरी पडते, म्हणून थांबण्याची वेळही त्यांनीच सांगावी.

एका प्रेक्षकाने बिब्बा लावण्याचा, दुसऱ्याने चामखिळीसारखा घोड्याचा केस बांधण्याचा उपाय सुचवला आहे. बिब्ब्याने त्वचा भाजते, केसाने ती कापली जाते, आणि केलॉईडला वाढायला तेवढे निमित्त पुरते.

सिलिकॉनची पट्टी जखम पूर्ण भरल्यावरच, दिवसाचे किमान बारा तास आणि दोन-तीन महिने लावायची असते. रात्री तासभर लावून गुण येत नाही. कानाच्या पाळीसाठी दाब देणारी कर्णभूषणेही मिळतात.

स्टिरॉईडला दाद न देणाऱ्या गाठीत फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल मिसळतात. चिठ्ठीवर कर्करोगाचे औषध पाहून घाबरू नका, येथे ते थोड्या मात्रेत गाठीपुरतेच दिले जाते. मात्र गरोदर असाल, तर सुई टोचण्यापूर्वी तसे सांगा.